पतीच्या नावाची जागा

लकडगंज, नागपूर
८ सप्टेंबर १९८८

प्रिय कुमुद,

अनेक आशीर्वाद. पुण्यात नीट जेवतेस ना, की कॉम्प्युटरपुढे चहावरच दिवस काढतेस? इथे पाऊस उघडला आहे, माझे गुडघेही बरे आहेत.

आता बातमी. निराधार बायकांच्या पेन्शनसाठी तू लिहून आमच्या संस्थेला फुकट दिलेला प्रोग्राम चालू झाला, आणि चालवते कोण, तर मी. शाळेत सिस्टर बोटांवर रुमाल टाकून टायपिंग करून घ्यायच्या, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. शेजारच्या आरागिरणीचा भुसा उडतो म्हणून मशीनवर माझी जुनी साडी पांघरते.

शनिवारी पारशिवनीकडून भीमाबाई आल्या, शेजारीण कांताबाईंना घेऊन. भीमाबाईंचा नवरा दुसरं घर करून कधीच निघून गेलेला. नाव, गाव, वय झालं. पुढे पतीचं नाव. त्यांनी तोंड फिरवलं. तो रकाना भरल्याशिवाय तुझा प्रोग्राम पुढे सरकत नाही, आणि नोंद नाही तर पेन्शन नाही.

मला वाटलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून लाजतात. आमचे चिटणीस देवराव म्हणाले, "उखाण्यात घ्या, बाई."

"उखाण्यात घ्याले तो घरी तं पाह्यजे ना गा."

सगळे हसले. कांताबाई म्हणाल्या, "राहू द्या, मले ठाऊक हाय त्याचं नाव." भीमाबाईंनी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला.

"काहून सांगून राहिली वं? लाजून नाही राहिली मी. पोसते मी मले, अन् नाव त्याचं काहून लिहू?"

मग नोंद होणार नाही, असं देवराव म्हणाले. भीमाबाई पिशवी उचलून उठल्या. मी म्हटलं, बसा.

प्रोग्रामसोबत तू त्यातली ओळ न् ओळ छापून पाठवली आहेस, वर लिहिलं आहेस, ज्याला हवा त्याने घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. तो गठ्ठा काढला. मशीन बघायला पॉलिटेक्निकचे रुपराव सर आलेलेच होते. त्यांनी रकाना अडवणारी नेमकी ओळ दाखवली, बदल मी माझ्या बोटांनी टाइप केला. आधी मशीन अडलं, घाईत मी स्वल्पविरामच खाल्ला होता. मग रकाना रिकामा ठेवून बटण दाबलं आणि पडद्यावर पुढचा प्रश्न आला.

"झालं?" भीमाबाईंनी विचारलं. मी म्हटलं, झालं.

"मंग एवढा वेळ काय करून राहिले होते?"

भंडाऱ्याच्या एका संस्थेने प्रोग्राम मागितला आहे. या बदलासकट देते आहे. तुझ्या कामात आता माझीही एक ओळ आहे.

दिवाळीत तू विचारलं होतंस, बाबा घर सोडून गेले तरी दारावर त्यांची पाटी अजून कशाला. मी तुझ्या ताटात करंजी वाढली होती. तू रागावून लवकर गेलीस, आणि तेव्हापासून मी तुला पत्रांतून हवापाण्याचंच लिहीत राहिले.

काल पाटी काढली. स्क्रू गंजलेले, सुरीने खरवडून काढावे लागले. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिला आहे. रंग देणार नाही, असू दे तसाच.

यापुढे पाकिटावर फक्त माझं नाव घाल. पोस्टमन गणपतरावांना सांगून ठेवलं आहे.

आता फक्त तुझीच वाट पाहणारी,
तुझी आई,
शामला