तिसरी टर्म आणि कालथ्यांचा मोर्चा

१२ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. इतिहासाला उपयोगी पडेल.
निर्णय पक्का. घटनेचं एकेचाळिसावं कलम बदलायचं. राष्ट्राध्यक्षाला दोनच टर्म, हे मीच घातलं होतं. तेव्हा अक्कल कमी होती. मला स्वतःला तिसरी टर्म नको, लोकांना हवी आहे. तसं ते अजून बोललेले नाहीत, पण मी ओळखतो त्यांना.
जेवताना बायकोला सांगितलं. रास्माता म्हणाली, अहो, दहा वर्षं झाली, आता गावी जाऊन बाजरी पेरू या. तिला राजकारणातलं काही कळत नाही.

१९ ऑक्टोबर
कलम बदलण्याविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा. माझ्या गार्डचा कर्नल यांपा याला बजावलं होतं, फक्त हवेत गोळीबार. संध्याकाळी त्याचा फोन. चार पोरं मेली. हवेत कशी मेली, विचारलं. म्हणाला, साहेब, पोरं उंच होती.
रेडिओवर दुःख व्यक्त केलं. छान बोललो.

२३ ऑक्टोबर
लोकांनी बाजारातली पोलीस चौकी पेटवली. आत दोन शिपाई होते, दोघेही जळाले. माहितीमंत्री म्हणतो, जनता उत्साहात आहे.
आमचे सगळे खासदार संसदेसमोरच्या हॉटेलात ठेवलेत. मटण, बिअर, दारात रणगाडा. तीस तारखेला कलमावर मतदान, एकही मत फुटणार नाही.

२६ ऑक्टोबर
खबर आली, बायका लाकडी कालथे घेऊन निघणार. बाईनं रोजचा बाजरीचा घाटा ढवळायचा कालथा चारचौघांत उगारला की समोरचा पुरुष मेल्यात जमा, असं आपल्याकडे मानतात. मी पॅरिसला शिकलोय, मला फरक पडत नाही.
तरी खबरदारी म्हणून हुकूम काढला, शहरातले सगळे कालथे जप्त करा. अकरा हजार गोदामात जमले. जाळायला सांगितले, तर एकही जवान हात लावेना.

२८ ऑक्टोबर
कालथ्यावाचून घाटा होत नाही, हे लक्षातच आलं नव्हतं. शहर उपाशी. जवानांच्या घरीही चूल बंद. यांपा म्हणाला, साहेब, बायको बोलत नाही. म्हटलं, माझीही बोलत नाही, सोसायचं.

३० ऑक्टोबर, मतदानाचा दिवस
सकाळी दहा. सगळं काबूत.
साडेदहा. बायकांनी गोदाम फोडून कालथे परत नेले. मोर्चात पुढे जवानांच्याच बायका आणि आया. यांपाला ओरडून सांगितलं, चालव गोळ्या! त्याच्या माणसांनी बंदुका टाकल्या आणि तोंडं फिरवून पळाले. चार पोरं मारताना नाही कुणी बंदूक टाकली! नमकहराम!
बारा. संसद पेटली. खासदार हॉटेलच्या खिडक्यांतून चादरी बांधून उतरताहेत. माझ्या खास तुकडीनं मागच्या फाटकावर मशीनगन चालवली. तिथं बायका नव्हत्या. बावीस मेले, सगळे पंचविशीच्या आतले.
दोन. मोठ्या मनानं कलमातला बदल मागे घेतला. रेडिओ स्टेशन जळत असल्यामुळे कुणाला कळलं नाही.
तीन. गाडी तयार. रास्माता सापडत नाही.

१ नोव्हेंबर, शेजारच्या देशाचं सरकारी गेस्ट हाउस
तात्पुरता मुक्काम. डोकी थंड झाली की बोलावतील.
रास्माताला फोन लागला. गाडीत का बसली नाहीस म्हणून खडसावलं. म्हणाली, सव्वीस मेलेल्यांच्या घरी जायचंय, सात घरं झाली. पहिल्या घरी त्या आईनं पोराचा शर्ट दाखवला. धुतलेला नाही, धुणारही नाही म्हणे. मी काय बोलू तिला, तुम्हीच सांगा.
म्हटलं, हुकूम फक्त हवेत गोळीबाराचा होता.
तिनं विचारलं, जेवलात का? नाही म्हटलं. म्हणाली, जेवून घ्या, आणि आता फोन करू नका.
जेवलात का विचारलं. म्हणजे तसा राग नाही.
संध्याकाळपर्यंत पाच वेळा फोन केला. उचलत नाही. तिकडची लाइन खराब असावी.