रोलंडला गॅरडचे रान का नाही

मी, विनिफ्रेड थर्टल, तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका, राहणार मार्लबी, नॉरफोक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे आणि पुष्कळांच्या सांगण्याविरुद्ध लिहीत आहे. यात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की माझा पुतण्या रोलंड धातुशोधक यंत्र बाळगण्यास अपात्र आहे. माझी आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम पहिले. माझे यंत्र, हेडफोन आणि खुरपे डोरीन अटिंग हिला. ती गावात केस कापते आणि रविवारी माझ्यासोबत रान धुंडाळते. शेतात फिरण्याची परवानगी ही मालमत्ता नव्हे, हे मी जाणते, पण शेतमालक पर्सी गॅरड यांचा शब्द आहे: "बाई, तुमचं यंत्र ज्याच्या हातात, त्याला माझं फाटक उघडं. दुसऱ्या कुणाला नाही. भांडणं मला नकोत."

कलम दुसरे, म्हणजे कारणे. रोलंड रानात असा चालतो की जणू गवत कापायचे कंत्राट घेतले आहे. सुगीनंतर ओढ्याकाठचा पट्टा त्याने चहाच्या आधी उरकला.

"काकू, इथे काही नाही. बिअरच्या डब्यांच्या कड्या तेवढ्या आहेत."

"उकरून पाहिल्यास?"

"कशाला? आवाजावरून कळतं."

जुने चांदीचे नाणेही त्याच आवाजात बोलू शकते. डोरीन त्याच पट्ट्यात शिरली. एका जागी यंत्र एकीकडून कुजबुजे, दुसरीकडून गप्प बसे. त्या जागेभोवती ती फिरत राहिली, ऐकत राहिली. मग गुडघे टेकून मातीत उभे रुतलेले नखाएवढे नाणे तिने काढले.

"नशीब तुझं," रोलंड म्हणाला.

"नशीब कसलं? ते बोलत होतं. तू पुढे गेला होतास."

तिने खड्डा बुजवून टाचेने दाबला. रोलंडने इतरत्र उघडे टाकलेले खड्डे गॅरड यांच्या एका मेंढीने शोधले. ती अजून लंगडते.

कलम तिसरे. बचतीचा दहावा हिस्सा आमच्या धातुशोधकांच्या क्लबाला, मात्र 'तासाभरात जास्तीत जास्त' ही स्पर्धा बंद केली तरच. ती सुरू करणाऱ्या अध्यक्षांना माझी गुडघ्याखाली घ्यायची उशी द्यावी. ती कशासाठी असते हे त्यांना कोणीतरी सांगावे.

कलम चौथे. घर, उरलेली बचत आणि वरीलपैकी जे देणे रद्द ठरेल ते, रोलंडला. नाते पुराव्याने तुटत नाही.

सही: विनिफ्रेड थर्टल
साक्षीदार: पर्सी गॅरड, डोरीन अटिंग
मार्लबी, ११ ऑक्टोबर २०१९

पुरवणी, त्याच दिवशी.

निकाल हरणाऱ्यालाही कळावा, म्हणून सह्या झाल्यावर हा कागद मी रोलंडला दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"काकू, डोरीन साक्षीदार कशी? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणजे यंत्र माझ्याकडे येईल. रानही."

"मग गप्प का नाही बसलास?"

"तुम्हाला तिलाच द्यायचंय ना?"

म्हणून पहिल्या कलमातले सर्व मी डोरीनला, ज्यांना काहीच मिळणार नाही अशा साक्षीदारांसमक्ष, पुन्हा देत आहे. रान तिचेच, रोलंडच्या चालण्याबद्दल माझे मत बदललेले नाही. परंतु लाभ समोर दिसला की रोलंड दुसऱ्याचा विचार करायला थांबणार नाही, असे मी कुठेही न लिहिता गृहीत धरले होते. ते चूक होते.

सही: विनिफ्रेड थर्टल
साक्षीदार: पर्सी गॅरड, सिरिल मॉब्ज, टपालवाला