रबराला लावलेलं ग्रीस

उस्ताद,

तुम्ही गेलात त्याला आता तीस वर्षं होत आली. तुमच्याविषयी कुणी विचारलं की मी चांगलंच बोलतो. लोणावळ्यात असा हात दुसऱ्याचा नव्हता, नुसत्या आवाजावरून इंजिनातलं दुखणं सांगायचे, असं सांगतो. ते खोटं नाही. पण ते सांगताना माझे दात आवळलेले असतात, हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं मला आठवतात. मी सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढलेला. घाट चढून आलेल्या गाड्या आपल्या गॅरेजच्या दारात धापा टाकत उभ्या राहायच्या. वलवणच्या बाजूला बंगला असलेल्या त्या वकीलसाहेबांची गाडी तेव्हा नवीच होती. तिच्या पाट्यांच्या, म्हणजे आस तोलणाऱ्या स्प्रिंगांच्या, टोकांना पितळेऐवजी रबराचे बुश होते, आखूड नळीसारखे. तसले बुश तुम्ही पहिल्यांदाच पाहत होतात आणि मीही. एका बाजूचे फाटले, साहेबांनी मुंबईहून नवे मागवले. त्यांच्या डब्यात इंग्रजी कागद होता. मी चौथी इंग्रजीपर्यंत शिकलेलो. अडखळत का होईना, मी तो वाचला आणि तुम्हाला सांगितलं, की बसवताना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं आणि मऊ पडतं; साबणाचं पाणी लावायचं, ते ओलं असेपर्यंत बुश सरकतो आणि वाळलं की जागेवर घट्ट बसतो.

तुम्ही कागद माझ्या हातातून घेतलात, उलटा धरलात आणि मग त्याच्यावरच हात पुसलेत. "वीस वर्सं पाट्यांस्नी ग्रीस लावतुया मी. पितळंला चालतं अन् रबराला न्हाई चालत व्हय?" मी म्हटलं, उस्ताद, पितळेवर पितळ फिरतं म्हणून ग्रीस लागतं, इथं रबरानं पकडून ठेवायचं आहे. तेव्हा पेट्रोल भरायला आलेले चार ड्रायव्हर दारात उभे होते. तुम्ही त्यांच्याकडे बघत म्हणालात, "साबनाच्या पान्यानं बायका कापडं धुत्यात. ह्येला तेवडंच काम द्या." ते हसले. मी खाली बसलो आणि माझ्या हातानं, बोटभर ग्रीस थापून, ते बुश आत ढकलले. सुळकन गेले. "बग," तुम्ही म्हणालात. सहज जाणं म्हणजे नीट बसणं, असं तुम्हाला वाटत नव्हतं, उस्ताद. तुम्ही इतके अडाणी नव्हता. चार माणसांसमोर माझं ऐकायचं नव्हतं, एवढंच होतं.

दीड महिन्यानं त्या गाडीचा ड्रायव्हर आला. कुसगावचा माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो. कमी बोलायचा. म्हणाला, "उस्ताद, गाडी डावीकडं वढतिया. बिरेक मारला की लयच."

तुम्ही डोकंही वर केलं नाहीत. "गाडी न्हाई वढत. तुजा हात वढतोय."

"येकदा खालून बगा तरी."

"न्हाई बगत. जा."

तो गेला. मी तिथेच होतो, हातात पाना होता, गाडीखाली शिरायला मला दोन मिनिटंही लागली नसती. मी शिरलो नाही.

चार दिवसांनी कार्ल्याकडच्या उतारावर एक बैलगाडी आडवी आली. भाऊनं ब्रेक मारला आणि मोटार डावीकडे मोरीच्या कठड्यावर गेली. साहेब मागे बसले होते, त्यांना खरचटलं. भाऊचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. गाडी ओढून आपल्याकडे आणली तेव्हा बुश मीच काढले. काढले कसले, बोटानं खरवडले. रबर फुगून, लिबलिबीत होऊन अर्धं बाहेर आलं होतं. आस तिथल्या तिथे मागेपुढे हलत होता. मी ते तळहातावर घेऊन तुमच्यासमोर धरलं. तुम्ही उचललंत आणि भट्टीत टाकलंत.

दुपारी साहेब आले. गाडीत काही दोष होता का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "गाडीत काय न्हाई, सायेब. डायवर जरा घेतो." जो माणूस सुपारीही खात नव्हता, त्याच्याबद्दल. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. भाऊची नोकरी गेली आणि पाय वाकडाच सांधला. दारुडा म्हणून नाव झाल्यावर त्याच्या हातात पुन्हा कुणी गाडी दिली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी तुम्हाला माफ केलं असतं. माणूस घाबरतो. पण पुढच्याच महिन्यात तसल्याच बुशांची दुसरी गाडी आली आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "साबन कालीव वाईच." इतकंच. मी साबण कालवला. तुम्ही स्वतः बुश बुडवून घेतलेत, बसवलेत, रात्रभर वाळू दिलेत. त्यानंतर जन्मभर तसंच केलंत, नव्या माणसांनाही तसंच शिकवलंत, जणू ते तुमचंच ज्ञान. एका माणसाचा पाय घालवून शिकलात आणि त्याच्या दारात एकदाही गेला नाहीत.

मला हिवताप झाला तेव्हा तुमच्या घरी चुलीशेजारी अंथरूण घालून पंधरा दिवस ठेवलंत मला. काकूंनी पेज भरवली. पुढे तुमच्याकडचं काम सोडून मी निघालो तेव्हा तुम्ही पान्यांचा स्वतःचा संच माझ्या पिशवीत घातलात. हे सगळं मला आठवतं, म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणसावर इतकी वर्षं रागावून राहता येत नाही.

हे पत्र धाडायचं कुठं? आणि तुम्ही असता तरी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं असतंत. मग मला हेही वाचावं लागलं असतं, की भाऊ पुढे वीस वर्षं जगला आणि बाजारात बायकोबरोबर भाजी घेऊन बसायचा. एकदा मी भाजी घ्यायला थांबलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "खरं सांग, त्या गाडीत काय व्हतं रं?" तेव्हा तुम्ही जिवंत नव्हता. मला कुणाचीच भीती नव्हती. मी म्हटलं, "काही नाही भाऊ, रस्ताच खराब होता." त्यानं मान हलवली, माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्त घातल्या, आणि मी त्या घेऊन घरी गेलो.