तिसऱ्या कडव्यापर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

गायले! हे गायले!

अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. पण आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

दुपारी भांडी घासत होते. तोंडात रविवारचं गीत — उपासना संपताना म्हणतो ते. पहिलं कडवं झालं, करपलेलं पातेलं खरवडायला थांबले, आणि आतल्या खोलीतून दुसरं कडवं सुरू! जाडाभरडा आवाज, सूर बराच खाली — पण शब्द! सगळेच्या सगळे! मला वाटलं रेडिओ. मग आठवलं, रेडिओ कधीचा बिघडलाय.

साबणाच्या हातांनीच धावले. हे खुर्चीत, डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर नेहमीसारखा निपचित, आणि तोंडात तिसरं कडवं. तिसरं! त्यासाठी मलासुद्धा पुस्तक उघडावं लागतं!

ऑगस्टमध्ये मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, तेव्हापासून ह्यांना एकच शब्द येतो — 'पुरे'. भूक लागली, पुरे. पाठ खाजतेय, पुरे. मला हाक मारायची, तरी पुरे. फुलांच्या बाजारात सत्तावीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस! ह्यांच्या जिभेला जरा लगाम घाल, म्हणून मीच देवाला विनवायचे. तेव्हा काही असं म्हणायचं नव्हतं मला.

गीत संपलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही गायलात!"

माझ्याकडे बघून म्हणाले, "पुरे."

आणि आम्ही इतके हसलो, इतके हसलो! मग दोघंही रडलो.

४ फेब्रुवारी

सकाळीच वाचाताईंना फोन. (उपचार केंद्रात ह्यांना बोलायला शिकवतात त्या. हे नाव मी ठेवलंय, त्यांना माहीत नाही.) मला वाटलं बाई उडी मारतील. कसलं काय!

"होतं असं," म्हणाल्या. "बोलण्याचं काम जास्त करून मेंदूची डावी बाजू करते, गाण्याला उजवी मदत करते. ह्यांची डावी दुखावलीय."

"म्हणजे चमत्कार नाही?"

"तो तुमचा विषय. माझा विषय एवढाच, की गुरुवारी त्यांना घेऊन या. आणि ते गीतही आणा."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, सहा मार्चला मोठ्या डॉक्टरांपुढे तपासणी आहे. फरक दिसला नाही तर ह्यांचे तास बंद. रांगेत माणसं थांबलीत.

एक महिना. बघू या!

८ फेब्रुवारी, रविवार

नणंद ह्यांच्यापाशी बसली, मी उपासनेला गेले. पाळकांना म्हटलं, एक कोडं सुटत नाही. लग्नाचा दिवस सोडला तर हा माणूस कधी चर्चच्या आत आलेला नाही. 'देवाशी माझं भांडण नाही, फक्त ओळख नाही' — हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. मग तिसरं कडवं कुठून आलं?

पाळकांनी विचारलं, "दर रविवारी तुम्हाला सोडायला यायचे ना? मग थांबायचे कुठे?"

"बाहेर, मोटरसायकलवर. त्या खिडकीखाली."

पाळक खिडकीकडे बघत राहिले. मीही. बावीस वर्षं, दर रविवारी! आणि मी समजत होते, बाहेर पेपर वाचतायत!

१२ फेब्रुवारी

वाचाताईंनी युक्ती दिली. गीताची चाल तीच, शब्द रोजचे. मी सूर धरायचा, ह्यांचा डावा हात धरून मांडीवर ठेका द्यायचा.

आज ह्यांनी गाऊन चहा मागितला! 'चहा दे गं, साखर घाल' — इतक्या पवित्र चालीवर! प्रभू, रागावू नकोस. साखर डॉक्टरांनी बंद केलीय. घातली. दीड चमचा.

१७ फेब्रुवारी

'पाठ — खाजते — वरती — वरती.' चार शब्द! वरती दोनदा आलं, तरी चारच मोजणार.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वाईट दिवस. तेही लिहायला हवं.

मी चष्म्याच्या दुकानात कामावर होते. सकाळी नणंद आली तेव्हा हे खिडकीशी एकटेच गात होते. ती दारातच थबकली. "अगं बाई, दादाचं हे काय झालंय!" आणि हुंदका. तिचा काय दोष! पण ह्यांनी ऐकलं. वाचाताईंनी सरावाला दिलेली चित्रांची कार्डं खोलीभर भिरकावली, भिंतीकडे तोंड करून पडले. जेवणाला हात लावला नाही. मला फोनवर हे सगळं सांगताना तिचं रडणं थांबेना.

इकडे मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. ते गृहस्थ दुकानाच्या दारावरच आपटले. अठरा वर्षांत पहिल्यांदा! मालकांनी स्वतः बसून काच बदलून दिली, त्याचंच जास्त लागलं.

मागच्या कोठीत गेले. फ्रेमांच्या खोक्यांवर बसून प्रार्थना — प्रार्थना कसली, भांडणच! एवढंसं दाखवून परत काढून घेतोस? खेळ मांडलायस का? मला जमत नाही आता, ऐकतोस ना, जमत नाही! बोलून बोलून घसा बसला. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा 'ह्यांना बरं कर' म्हटलं नाही. म्हटलं, मला आज संध्याकाळपुरतं बळ दे. उद्याचं उद्या मागेन.

आणि काय सांगू, मिळालं! डोक्यावर कुणी हात ठेवावा तसं आतून शांत झालं. घरी गेले. 'उठा' म्हटलं नाही, 'जेवा' म्हटलं नाही. ह्यांच्या पाठीशी बसून गायला लागले. पहिलं गीत, दुसरं गीत. तिसऱ्याला ह्यांचं बोट गादीवर ठेका धरायला लागलं.

मग दोघंही जेवलो. वरण गार झालं होतं.

२२ फेब्रुवारी

पाळकांना सांगितलं, काल मी देवाशी भांडले. म्हणाले, "भांडा की! परक्याशी कोण एवढं भांडतं?"

आज पुन्हा मागितलं. एका दिवसापुरतं. पुन्हा मिळालं!

६ मार्च, शुक्रवार

झालं! झालं!! क्रमाने लिहिते.

मोठे डॉक्टर, वाचाताई, आम्ही दोघं. डॉक्टरांनी पेन दाखवलं. "हे काय?"

"पुरे."

किल्ली. "पुरे." पेला. "पुरे." वाचाताईंनी चाल गुणगुणली, ह्यांनी ओठ घट्ट मिटले. परक्या माणसासमोर गायची लाज! मानेवर घाम दिसत होता. डॉक्टर कागदावर काही लिहायला लागले.

मी मागे खुर्चीत. मदत करायची नाही, असं बजावलेलं. हात मांडीखाली दाबून धरले. प्रभू, माझ्या हातात काही नाही, आता तूच. बस, एवढंच. आणि भीती गेली! खरंच गेली. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती हसले. उगाच धीर द्यायला नाही, आतूनच हसू आलं.

हे पुढे वाकले. टेबलावर फुलदाणी होती, ती डाव्या हाताने ओढली. फुलं खालीवर न्याहाळली. नाक मुरडलं, शिळी होती. आणि टेबलावर थाप!

"एकवार!"

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"दोनवार!" तीच ती बाजारातली नजर, चारी भिंतींवरून फिरली. गिऱ्हाईक कोण, गिऱ्हाईक कोण!

डॉक्टरांनी हात वर केला. "मी घेतो!"

"तीनवार! गेली!"

वाचाताईंनी टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, मग पुन्हा गंभीर झाल्या. "हेसुद्धा तालातलंच आहे, अंगवळणी पडलेलं. स्वतःचे शब्द अजून लांब आहेत. पण आता वाट दिसतेय." डॉक्टरांनी लिहून दिलं — तास चालू, आणखी सहा महिने!

येताना रिक्षात आम्ही दोघं गात होतो. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे!

१५ मार्च, रविवार

संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेला पाच-सहा जणं आली होती. पाळक म्हणाले, शेवटची प्रार्थना कोण करेल? मीच सुरू करणार, एवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला.

चाल नाही. ठेका नाही.

"प्रभू," म्हणाले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. "ही." पुन्हा तेवढाच वेळ. कपाळावरची शीर फुगली.

"ही... दमली."

सात महिने मी ह्यांच्यासाठी मागतेय. माझ्यासाठी कुणी मागावं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

सगळे आमेन म्हणाले. मी ह्यांचा वर केलेला हात हातात घेतला.