कोमट पाण्याचं गटार

३ मार्च
छापखानेवाल्यांनी आज तोंडावर सांगितलं — पाचशेच्या खाली प्रती असतील तर यंत्र चालू करणार नाही. आम्हाला लागतात साडेतीनशे. त्यातही तीसेक परत येतात, पाकीटसुद्धा न फोडलेलं. अठरा वर्षं हे मासिक काढतेय. त्या परत आलेल्या पाकिटांना हात लावायचीही किळस येते आता.

दादा म्हणाला, "वेबसाइटवाल्यांना हो म्हणून टाकू. छपाईचा खर्च ते उचलतायत, बदल्यात आपले लेख त्यांच्याकडे. बिघडलं काय?" बोलताना पाकिटं चिकटवत होता. त्याचे हात कधी थांबत नाहीत.

७ मार्च
वेबसाइटवाल्यांच्या करारावर सही केली. तिथला साहेब लेखाला लेख म्हणत नाही, 'माल' म्हणतो. घरी येऊन साबणानं हात धुतले. खरंच धुतले.

१९ मार्च
रुग्णालयातल्या एका नर्सबाईंचा लेख आला. 'कोमट पाणी'. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला शेवटची अंघोळ घातली, एवढंच. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघतात. म्हातारा म्हणतो, "पाठ राहिली." एक शब्द बदलला नाही मी. असं काहीतरी हाती लागतं म्हणून तर हा उपद्व्याप.

२७ मार्च
अंक गेला. चार दिवस धड जेवण नाही. कंबर गेली.

२ एप्रिल
वेबसाइटवर लेख पाहिला. नाव — 'नर्सनं फोडलं वॉर्डातलं घाणेरडं गुपित!' वर कुणा भलत्याच बाईचा फोटो, रंगवलेल्या ओठांचा. 'पाठ राहिली'च्या खाली वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात. प्रतिक्रिया दोन वाचल्या. तिसरी नाही.

दादा म्हणाला, "दोन लाख लोकांनी वाचलाय."
"वाचला नाही. उघडला."

साहेबाला फोन केला. म्हणे, "बघतो ताई." ताई म्हणे!

५ एप्रिल
लेख तसाच आहे. साहेब फोन उचलत नाही.

म्हाताऱ्याचा मुलगा मोबाइल नाचवत रुग्णालयात आला होता. जिवंतपणी बापाकडे फिरकला नाही तो. मेट्रननं नर्सबाईंना वॉर्डातून काढून भांडारात टाकलं. चादरी मोजायला.

११ एप्रिल
शेवटी नर्सबाईंच्या घरी गेले. सहा दिवस धीरच होत नव्हता. म्हटलं, वेबसाइटवाल्यांनी परस्पर केलं हो सगळं, आम्हाला विचारलंसुद्धा नाही.
"तुम्ही असं करणार नाही, माहितीये मला," त्या म्हणाल्या. आत जाऊन वही घेऊन आल्या. दुसरा लेख. "हा फक्त कागदावर छापा."

१२ एप्रिल
पहिल्याहून सरस आहे. मेट्रनबद्दल ब्र नाही. सगळा लेख चादरींवर — कुठला डाग कशाचा, कुठली चादर धुतली तरी कुणी अंगावर घेत नाही.

दादाला सांगितलं, करार मोडायचा.
"आणि छापायचं कशावर?"
"हातानं लिहीन."
तो हसला नाही. ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन मात्र त्यानंच लावला. त्या म्हणाल्या, झालेला सगळा पत्रव्यवहार घेऊन या.

१५ एप्रिल
वकीलबाईंसाठी मेल काढत बसले होते. २६ मार्चची एक सापडली. अंक बांधायची घाई चालली होती तेव्हाची. वेबसाइटवाल्यांनी लेखाचं शीर्षक आणि फोटो मंजुरीला पाठवले होते. खाली माझं उत्तर. एकच शब्द — 'चालेल.' मी ते उघडून पाहिलंही नव्हतं.

दादाला दाखवलं. त्यानं हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाला, "नर्सबाईंना कुठे कळणारे?" त्याच्यावर चिडता आलं नाही. तेच माझ्या मनात त्याच्याआधी येऊन गेलं होतं.

१६ एप्रिल
नर्सबाईंकडे जाऊन सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वही परत मागितली.