संचालकांत मी का नाही?

दि. १४ मे, मंगळवार

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम. सूनबाईला सांग, डबा पोचला, भाजी अळणी होती.

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी परवाना कार्यालयाच्या खिडकीसमोर माझा अपमान झाला. आपल्या ना-नफा कंपनीचा अर्ज कुठे अडलाय ते विचारायला गेले होते. कारकुनाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "आजी, संचालक दोनच आहेत. मुलगा आणि सून. तुम्ही 'प्रेरणास्थान'."

मागचा गृहस्थ फिसकन हसला. मी वळून पाहिलं. वॉर्डात मेट्रन असताना नव्या डॉक्टरांकडे पाहायचे, तसं. तो आपली फाइल चाळायला लागला.

प्रेरणास्थान! भिंतीवर टांगलेल्या माणसाला म्हणतात ते. मी अजून जमिनीवर आहे.

विसरायला लागलेल्या माणसांनी एकत्र बसून हॉस्पिटलच्या फाटक्या चादरी शिवाव्यात, ही कल्पना कोणाची? माझी शिंपीण मैत्रीण लेकीचं नाव विसरते, पण काजं अजून सरळ करते. तू हिशेबनीस, म्हणून कागद तुझ्याकडे दिले. तू मलाच वजा केलंस. वर सूनबाईला सांगितलंस, "आईला जिने चढवत नाहीत." कार्यालय तळमजल्यावर आहे, शहाण्या.

बरं, लिहितेच. मार्चमध्ये मी जुन्या घराची बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईला खडसावलं, "माझ्या घरात काय करतेस?" तिने तुला बोलावलं. गाडीत तू एक शब्द बोलला नाहीस. ओरडला असतास तर बरं वाटलं असतं. मग डॉक्टर काय म्हणाले, ते आपण दोघांनी ऐकलं.

पण कायदा मी वाचलाय. न्यायालयाने अक्षम ठरवलं तर नाव जातं. तू न्यायालय नाहीस. ज्यांच्यासाठी कंपनी, त्यांच्यातली एक संचालक नको? मी विसरले तर सूनबाई आठवण करून देईल. एकाहून जास्त संचालक कशाला लागतात मग? आणि खरंच जमेनासं झालं, की राजीनामा मी देईन. तू परस्पर नाही.

अर्ज मागे घे. माझ्या नावासकट पुन्हा भर. सोमवार, २० मे, संध्याकाळी पाचच्या आत उत्तर हवं, आणि लेखी. पूर्ण वाक्यांत लिही, कॉन्व्हेंट शाळेत नन्सनी आम्हाला तसंच शिकवलंय. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलशील, आणि मी विसरून जाईन.

तुझी आणि या कंपनीची,
आई