साच्याच्या पोटातला ताव

अमरावती,
४ फेब्रुवारी २०२४

ती. विजयदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई तुझ्या शेजारी बसलेली असते, म्हणून हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर. घरी नेऊ नकोस.

तू स्वतः बनवून दिलेलं फायबरचं धनुष्य मंगळवारी सरावात फुटलं. दोरी गालापर्यंत ओढलेली होती. खालच्या बाजूला बांबू आणि त्यावरची फायबरची पट्टी एकमेकांपासून सुटली आणि एक ढलपी डोळ्याखाली लागली. दोन टाके पडले. डोळा शाबूत आहे.

पण मी घाबरले आहे, दादा. आता कुठलंही धनुष्य ओढलं की शेवटच्या क्षणी तोंड आपोआप बाजूला वळतं. वसतिगृहाचं घेतलं तरी तेच. संघाची निवड दहा मार्चला आहे आणि तोंड वळवणाऱ्या मुलीला रेषेवर उभी करणार नाही, असं सरांनी स्पष्ट सांगितलंय. ते का फुटलं, एवढं मला खरं खरं कळव. कारण कळलं तर भीती एका जागी बसेल.

तुकडे बसने पाठवते आहे. आईला कळू देऊ नकोस. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रियदर्शनी


शिरड शहापूर,
९ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून दुरुस्तीला आलेली पाण्याची मोटार तशीच खाली ठेवली. डोळा वाचला ही नागनाथाची कृपा.

पण माझ्याकडून काही चुकलेलं नाही. इपॉक्सीचा गोंद लावून पट्ट्या साच्यात आवळल्या, साचा पेटीत ठेवला, सहा बल्ब लावले, झाकणाखालच्या थर्मामीटरवर पंच्याहत्तर अंश बघितलं आणि चार तास मोजले. वास यायचा थांबला तेव्हाच काढलं. मोटारीच्या कॉइलचं वार्निश मी बारा वर्षं याच पेटीत सुकवतोय, एक मोटार परत आली नाही. तूच धनुष्य उन्हात टाकलं असशील. लहानपणी सायकलही उन्हातच टाकायचीस. आणि तोंड वळतं म्हणे! माझ्याशी भांडताना तर कधी वळलं नाही.

हळद शिजवायचा हंगाम आहे, आई-बाबा दिवसभर शेतात असतात. जपून राहा, दादावरची माया जपून ठेव.

तुझा,
विजय


अमरावती,
१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

धनुष्य उन्हात नव्हतं. मी कारण मागितलं, तू सफाई दिलीस. चूक तुझी असेल तर मी भांडेन आणि विसरेन. कुणाचीच नसेल तर ती पुन्हा कधीही होईल, मग मी दोरी ओढू कशी? आजही तोंड वळलं.

लोभाचं नंतर बघू, आधी तुकडे बघ.

प्रियदर्शनी


शिरड शहापूर,
२७ फेब्रुवारी

चि. प्रियास,
अ. उ. आ.

चूक माझी होती. एवढं लिहायला दहा दिवस लागले.

तुकडे घेऊन बसलो होतो, तेवढ्यात आई डबा घेऊन दुकानात आली. रक्ताचा डाग तिला आधी दिसला. मला खोटं बोलता आलं नाही, माफ कर. ती रडली, मग पेटी उघडून विचारलं की ताव मोजतोस कुठं. मी झाकणाकडे बोट दाखवलं. तर म्हणाली, वाफ निघाली म्हणून कुनी हळदीची कढई उतरवतं व्हय? मधल्या गड्ड्यात काडी खुपसून बघतेत. तू काहून न्हाई बघितलं?

साच्याला भोक पाडून पट्ट्यांच्या अगदी जवळ दुसरा थर्मामीटर घातला. झाकणाखाली पंच्याहत्तर आणि साच्याच्या पोटात अठ्ठेचाळीस! मोटारीचं तांबं लवकर तापतं, हा लाकडाचा जाड ठोकळा सगळी ऊब पिऊन टाकतो. त्यात बल्ब एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाला बेचाळीसच भरले आणि धनुष्याची खालची बाजू तिकडेच होती. वास गेला म्हणजे झालं, हे मोटारीचं शहाणपण मी तुझ्या धनुष्याला लावलं. आतली इपॉक्सी कच्ची होती, प्रिया.

आता बल्ब तळाशी लांबीभर पसरले, हवा फिरायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला आणि कोंबडीची पिल्लं काढायच्या मशीनचं थर्मोस्टॅट लावलं. नव्या पट्ट्या साच्यात आवळल्या आणि साच्याच्या पोटात सत्तर भरल्यावर मग घड्याळ बघितलं. बल्ब बंद केल्यावरही पेटी पार गार होईपर्यंत उघडली नाही. मला घाई सुटली होती, पण आई झाकणावर हात ठेवून बसली.

नवं धनुष्य मी तीनशे वेळा ओढून बघितलं. पार्सल बांधायला घेतलं तर आईने ते हातातून काढून घेतलं. लेकराच्या तोंडाजवळ जायचंय ते, आदी माझ्या तोंडाजवळ येऊ दे, म्हणाली. पदर खोचून दुकानासमोर उभी राहिली. चार वेळा अर्ध्यातच हात थकला. मी नको म्हणालो तर माझ्यावरच खेकसली. पाचव्यांदा दोरी गालाला टेकली, तशीच धरून ठेवली आणि हळूहळू परत आणली. बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नसते, धनुष्य फुटतं, हे मी आधीच बजावलं होतं.

भांड माझ्याशी, पण लिहीत जा.

तुझा चुकलेला,
दादा


अमरावती,
११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरच्याच पत्त्यावर. तुझ्यापासून लपवलं, चुकलं माझं. टाके निघाले, बारीक व्रण राहिलाय.

काल निवड झाली. पहिल्या बाणाला तोंड वळलं आणि बाण गवतात गेला. दुसऱ्याला वळलं नाही, त्यानंतर एकदाही नाही. चौघींचा संघ झाला, मी पाचवी आले. राखीव म्हणून सोबत नेणार आहेत. सुरुवातीला वाईट वाटलं, मग भूक लागली आणि तीन भाकरी खाल्ल्या. दादाला सांग, त्याचं कारण मला पटलं आणि धनुष्य बराबर आहे.

पण नुसत्या कारणाने माझी मान सरळ राहिली नसती, आई. त्या दोरीला आधी तुझा गाल लागला होता, म्हणून मला माझा लावता आला.

बाबांना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी लेक,
प्रियदर्शनी